कन्सेशनच्या फॉर्मवरची सही

रेल्वेच्या हिशोबात मूल बाराव्या वर्षी मोठं होतं. पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, बारा पूर्ण झाली की पूर्ण. शिक्षणहक्क कायदा त्याला आणखी दोन वर्षं लहान मानतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला घराजवळ शाळा मिळायला हवी, पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. हा कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. चौदा संपली की अंतराची ही हमीही संपते. मतदानाचा हक्क मिळतो अठराव्या वर्षी. अकरावी-बारावीचं सोळा-सतरा वर्षांचं मूल यातल्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. भाडं भरायला ते मोठं आहे, कमवायला लहान आहे, आणि आपलं कॉलेज घरापासून किती लांब असावं हे विचारायला त्याच्या हातात कुठलाही कायदा नाही.

मी याच वयाच्या मुलांना शिकवते. दादरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र हा माझा विषय. त्याखेरीज रेल्वे कन्सेशनच्या फॉर्मवर सही करण्याचं कामही माझ्याकडे आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठून कुठे, कुठला वर्ग, मासिक पास की त्रैमासिक, एवढंच त्यात भरायचं असतं. खाली माझी सही आणि कॉलेजचा गोल शिक्का. हे काम हाताने होतं, त्यात डोकं लागत नाही, असं सगळे समजतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत आले. पण ‘कुठून’ या रकान्यातली नावं वाचायची सवय लागली आणि काम जड व्हायला लागलं. मुलुंड, ठाणे, डोंबिवली इथवर मन शांत असतं. मग टिटवाळा, वांगणी, नेरळ, आसनगाव, सफाळे. कधीतरी कसारा. कसारा मुंबईच्या सीएसएमटीपासून सुमारे १२० किलोमीटर. फॉर्मवर मात्र माटुंगा लिहायला जेवढी जागा लागते तेवढीच कसारा लिहायलाही लागते.

हे लिहिताना मला रेल्वेला दोष द्यायचा नाही. या एका बाबतीत रेल्वेने मुलांना जेवढं दिलंय तेवढं इतर कुणी दिलेलं नाही. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत द्यायचा, असा रेल्वेचा नियम आहे. त्यापुढच्या विद्यार्थ्यांना पासावर निम्मी सवलत मिळते. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांसकट बहुतेकांच्या सवलती काढून घेतल्या गेल्या, तेव्हाही विद्यार्थ्यांच्या राहिल्या. पूर्ण पैसे भरणाऱ्यालासुद्धा मुंबईत दुसऱ्या वर्गाचा पास स्वस्तच पडतो. कल्याण ते सीएसएमटी महिन्याला ३१५ रुपये. जून २०१४ मध्ये भाडेवाढ झाली तेव्हा मासिक पास सुमारे १५ एकेरी फेऱ्यांऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशोबाने आकारायचं ठरलं होतं. मुंबईतून एवढी ओरड झाली, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. पास महाग झाला तर हे शहर थांबेल, हे तेव्हा सगळ्यांना कळलं होतं.

मग मुलांच्या प्रवासाच्या खर्चाचा प्रश्न उरतोच कुठे? मीही असंच म्हणायचे, म्हणजे मनातल्या मनात म्हणायचे. फॉर्मवर सही केली, पास फुकट झाला, माझ्या बाजूने जे करायचं ते झालं.

एकदा प्रॅक्टिकलच्या तासाला जर्नल तपासताना एका मुलीच्या जर्नलचं शेवटचं पान समोर आलं. रफ कामासाठी वापरलेलं पान. एका कोपऱ्यात मोलॅरिटीची गणितं होती आणि त्यांच्या खाली पेन्सिलने एक हिशोब. घर ते स्टेशन शेअर रिक्षा २०, परत २०. कल्याणला क्लासची रिक्षा १५, परत १५. खाणं ३०. बेरीज १००. मग गुणिले २५ आणि समोर २५००. या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, ‘ट्रेन ०’ असं लिहिलेलं. शून्याला तिने दोनदा गोल केला होता. हे पान मला दाखवायचं नव्हतं हे उघड होतं. मी पान उलटलं आणि टायट्रेशनच्या रीडिंगखाली सही केली. तिची रीडिंग अगदी बरोबर होती.

त्या शून्याने मला बराच काळ छळलं. माझं जे काम होतं, ज्याच्यावर माझी सही होती, ते त्या हिशोबात शून्य होतं. मुलीचा खर्च संपवल्याचं समाधान मी ज्या कागदावर मिळवत होते, त्या कागदाच्या दोन्ही टोकांना खरा खर्च सुरू होत होता. घरापासून रेल्वे स्टेशनपर्यंत आणि रेल्वे स्टेशनपासून पुढे. रेल्वेचे साठ-सत्तर किलोमीटर फुकट आणि दोन्ही टोकांच्या चार-पाच किलोमीटरांना महिन्याला पावणेदोन हजार. हे आकडे तिच्या एकटीचे नाहीत. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, आणि मीटर वाढला की शेअर सीटचा दरही मागोमाग वाढतो. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट पाचावरून दहावर गेलं. आपल्याला ते पाच रुपये वाटतात. रोज दोनदा बसने जाणाऱ्या मुलाच्या घरात ते महिन्याला अडीचशे होतात, आणि ते दुसऱ्या कशातून तरी काढावे लागतात. कशातून, हे विचारायला मी कधी गेले नव्हते.

क्लासचंही तसंच. रेल्वेची सवलत मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेपर्यंतच्या प्रवासाला मिळते, खासगी क्लासच्या प्रवासाला नाही. नियम म्हणून ते ठीकच आहे. पण विज्ञान शाखेच्या बहुतेक मुलांचा दिवस घर-कॉलेज-घर असा राहिलेला नाही, तो घर-कॉलेज-क्लास-घर असा असतो. क्लास वाटेतल्याच स्टेशनवर असला तर त्याच पासावर उतरता येतं. तो दुसऱ्या लाइनवर असला तर वेगळं तिकीट. आणि मुलांना क्लास का लागतो, या प्रश्नाचा एक भाग माझ्या वर्गातच आहे. आम्ही शिकवतो ते बोर्डाच्या परीक्षेला पुरतं, जेईई आणि नीटला पुरत नाही. हे आम्ही शिक्षक आपसांत उघड बोलतो. पालकांसमोर तितकं स्पष्ट बोलत नाही.

पासाची मुदत संपली आणि मूल तिकीट तपासनिसाच्या हाती सापडलं, तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड. मोफत पास ज्याला मिळायचा त्याच्याकडून अडीचशे. मुदत का संपली? पुष्कळदा कारण एवढंच असतं, की कॉलेजमध्ये फॉर्म ठरावीक वेळातच मिळतो आणि त्या वेळात मुलाचं लेक्चर किंवा प्रॅक्टिकल असतं. माझ्या टेबलापुढे रांग लावून उभी असलेली मुलं घड्याळाकडे का बघतात, हे कळायला मला उशीर लागला नाही. पण रांगेची वेळ बदलावी असं सुचायला मात्र फार लागला. मी स्वतः मुलुंडला राहते, माझ्या पर्समध्ये पहिल्या वर्गाचा पास असतो आणि तो मोबाइलवरून काढलेला असतो. त्यासाठी मला कुणाच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. जी अडचण माझी नाही तिच्यावर उपाय सुचत नाही, हे माझ्या बाबतीत खरं आहे.

पैशाचं बोलून झालं तरी अर्धंही बोलून झालेलं नसतं. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. एक लोकल चुकली की तासभर बसावं लागतं. विरारच्या पुढे डहाणूकडेही तेच. तिथे लोकल २०१३ मध्ये पोचली आणि तिच्यामागे कितीतरी मुलं मुंबईकडे येऊ लागली. आसनगावहून दादर हा पावणेदोन तासांच्या आसपासचा प्रवास, तोही सगळं वेळेवर असेल तेव्हा. आमचं पहिलं लेक्चर सात वीसला सुरू होतं. मागे मोजत गेलं की मुलगी घरातून पाचच्या आधी निघालेली असते आणि तिची आई तिच्याही आधी उठलेली असते. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस. चोवीस तास होतात. आठवड्यातला एक अख्खा दिवस, रात्रीसकट, ही मुलं गाडीत घालवतात. सोळाव्या वर्षी शरीराला झोप जास्त लागते, हे मी जीवशास्त्राच्या सहकारी मॅडमकडून ऐकलेलं आहे, आणि सव्वासातला समोरच्या बाकावर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांत ते रोज बघते.

मग पंचाहत्तर टक्के हजेरी. बारावीच्या परीक्षेला बसायला ती लागते आणि ती लागली पाहिजे यावर माझा विश्वास आहे. नियम सगळ्यांना सारखा आहे. पण हिंदमाता किंवा शिवाजी पार्कवरून चालत येणाऱ्या मुलाचा एक दिवस आणि शहापूरहून येणाऱ्या मुलीचा एक दिवस, या दोन्हींसाठी हजेरीपटात एकच खूण असते. पहिल्याला तिची किंमत पंधरा मिनिटं पडते. दुसरीला चार तास, शंभर रुपये आणि धक्काबुक्की. मी खूण करते तेव्हा हे मला माहीत असतं. माहीत असून मी खूण करते. नियम मोडावा असं मला वाटत नाही, पण नियम सारखा आहे म्हणून तो न्याय्यही आहे, असं मी यापुढे स्वतःला सांगू शकत नाही.

धक्काबुक्की हा शब्दही सौम्य झाला. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर, दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून रुळांवर पडले आणि काही जणांचा जीव गेला. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच्या आदल्या वर्षी आणि त्याच्याही आदल्या वर्षी मुंबईच्या उपनगरी मार्गावर दोन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांतली बरीचशी गाडीतून पडून किंवा रूळ ओलांडताना. तेव्हा बातमी एवढी मोठी झाली नव्हती. मी ज्यांच्या फॉर्मवर सही करते ती मुलं याच दारांत उभी असतात. दिव्याच्या, मुंब्र्याच्या, कळव्याच्या मुलांना तर मूळ स्टेशनवर बसायला जागा मिळण्याचाही प्रश्न नसतो. भरलेल्या गाडीत शिरायचं आणि दारात पाय ठेवायला जागा करायची.

घरातले निर्णय इथेच होतात. मुलगी असेल तर आई-वडील म्हणतात, पहिल्या वर्गाचा पास काढू, निदान जरा कमी गर्दी. मोफत पास बाजूला राहतो आणि पैसे भरून पास काढला जातो. अशा एका वडिलांना मी ओळखते. ते स्वतः दुसऱ्या वर्गाने भायखळ्यापर्यंत जातात आणि मुलीला पहिल्या वर्गाचा पास घेऊन देतात. मला म्हणाले, ‘‘मॅडम, मी लटकलो तर चालतंय.’’ मुलगा असेल तर हा विचार बहुतेक घरांत होत नाही. तो लटकेल, सवय होईल, असं म्हटलं जातं. मुलीचा जीव जपायला पैसे लागतात आणि मुलाचा जीव जपायचा असतो हे कुणाला सुचतच नाही. दोन्हींकडे मुलांचंच काहीतरी जातं. आणि काही घरांत मुलीचा प्रवास हाच मुद्दा होऊन कॉलेज बदलतं, शाखा बदलते, कधी शिक्षणच थांबतं. पास मोफत असला तरी गर्दीचा विचार करून निर्णय होतो. अशी मुलगी मला कधी भेटत नाही, कारण तिचा फॉर्म माझ्यापर्यंत येतच नाही. तिची नोंद माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

या सगळ्यात माझं स्वतःचं काय, हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण मला या प्रवासातून फायदा होतो. आमच्या कॉलेजचं नाव आहे, निकाल चांगला लागतो, आणि तो निकाल लांबून येणाऱ्या हुशार मुलांमुळे लागतो. अकरावीचा प्रवेश आता केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होतो. मुंबई महानगरात २००९ पासून, आणि २०२५-२६ पासून सबंध राज्यात. मुलाने पसंतीक्रम भरायचा आणि गुणांवर जागा वाटल्या जायच्या. त्यात अंतराला गुण नाहीत. ही पद्धत यायच्या आधी वशिला आणि देणगी चालायची, म्हणून मला ही पद्धत चांगली वाटते आणि अजूनही वाटते. पण तिचा एक परिणाम असा, की नव्वदच्या पुढचे गुण घेणारं नेरळचं मूल आपोआप आमच्या यादीत येतं आणि नेरळ-कर्जतच्या कॉलेजमधून एक चांगलं मूल कमी होतं. त्या मुलाबरोबर तिथल्या शिक्षकांचा उत्साह थोडा जातो, तिथल्या निकालातले दोन गुण जातात, आणि पुढच्या वर्षी आणखी एक मूल म्हणतं, इथं काय ठेवलंय. त्या गावातून गाडीत बसून येणाऱ्या प्रत्येक हुशार मुलाने आमचं कॉलेज थोडं मोठं होतं आणि तिकडचं थोडं लहान.

शहापूर तालुक्याकडे बघताना तर हे फार बोचतं. भातसा आणि तानसा ही धरणं तिथली. मुंबईच्या घरांत, आमच्या प्रयोगशाळेच्या नळालाही, जे पाणी येतं त्यात तिथलं पाणी आहे. त्या तालुक्यातल्या मुलीने ते पाणी ब्यूरेटमध्ये भरायला दोन तास गाडीत उभं राहून यायचं, ही व्यवस्था कुणी एका माणसाने ठरवलेली नाही. पण ती चालू राहते, आणि चालू ठेवणाऱ्यांत मी एक आहे.

गुणगौरव समारंभात आम्ही अशा मुलांचं विशेष कौतुक करतो. ‘रोज इतक्या लांबून प्रवास करून हे यश मिळवलं’ हे वाक्य दर वर्षी कुणीतरी बोलतं, सभागृह टाळ्या वाजवतं, आणि त्या टाळ्या मनापासून असतात. माझ्याही असतात. तरी त्या वाक्यापाशी आता मी अडखळते. त्या प्रवासाचा काही भाग माझ्या हातात होता. सकाळी सात वीसचं लेक्चर रसायनशास्त्राचं असावं की नसावं, हे आमच्या विभागात ठरतं. दोन लेक्चरच्या मध्ये दीड तास मोकळा सोडून दुपारी प्रॅक्टिकल ठेवायचं, हे आम्हीच ठरवतो, आणि ते बहुतेक वेळा शिक्षकांच्या सोयीने ठरतं. जर्नलवर नुसती सही घ्यायला सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटं येऊन जा, असं आम्ही सहज सांगतो. जवळच्या मुलाला ती दहा मिनिटं असतात, लांबच्याला चार तास. ज्या कष्टाचं कौतुक आम्ही मंचावर करतो, त्यातले निदान काही कष्ट आम्ही वर्षभर त्यांच्यावर लादलेले असतात. ते त्यांच्या चिकाटीच्या नावावर जमा करून टाकणं मला बरोबर वाटत नाही.

सगळ्यात कठीण प्रश्न मात्र वेळापत्रकाचा नाही. तो दर वर्षी जून महिन्यात येतो, जेव्हा कुणीतरी ओळखीचं विचारतं, ‘‘मॅडम, पसंतीक्रमात तुमचं कॉलेज पहिलं टाकू का?’’ विचारणारी मुलगी वासिंदची असते, गुण त्र्याण्णव टक्के असतात, आणि आई-वडील शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी ‘टाक’ म्हटलं, तर मी तिच्याकडून दोन वर्षांतले शेकडो तास मागून घेतले. मी ‘जवळचं बघ’ म्हटलं, तर मी तिला सांगितलं, की तुझ्या घराच्या पत्त्याएवढंच तुझं स्वप्न असू दे. माझ्यासारखीने, जिच्या घरापासून दादर पाऊण तासावर आहे, हे सांगणं मला लाजिरवाणं वाटतं. आणि ‘टाक’ म्हणताना माझ्या मनात आमच्या निकालाचा विचार नसतोच, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. चांगलं मूल आपल्या वर्गात यावं ही प्रत्येक शिक्षकाची इच्छा असते. ती वाईट नाही. पण त्या क्षणी सल्ला मी देते की ती इच्छा देते, हे मला वेगळं करता येत नाही.

अलीकडे मी उत्तर देण्याआधी विचारते. पहाटे घर ते स्टेशन कसं जाशील? रिक्षा मिळते का? रात्री किती वाजता पोचशील, आणि स्टेशनवर घ्यायला कोण येईल? घरात भावंडं किती, त्यांचं शिक्षण कुठे चाललंय? आई-वडील आधी चपापतात, त्यांना वाटतं मॅडम प्रवेश नाकारतायत. मग हळूहळू बोलायला लागतात. वासिंदच्या त्या मुलीच्या वडिलांनी हिशोब मनात केलेला होताच, पण मुलीसमोर तो बोलायचा नव्हता. माझ्या विचारण्याने तो बोलावा लागला आणि मुलीचा चेहरा उतरला. म्हणजे हेही निर्दोष नाही. विचारलं तर घरातली अडचण मुलीसमोर उघडी पडते, आणि नाही विचारलं तर ती दोन वर्षं तिच्या पाठीवर राहते. मी विचारायचं ठरवलंय. खर्च सगळ्यांनी मिळून बघावा, एकट्या मुलीने जर्नलच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काम माझं नाही, सरकारचं आहे, असं म्हणणारे सहकारी आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. सरकार एका हाताने शिकायला सांगतं आणि दुसऱ्या हाताने अंतराचा विचार सोडून देतं, हे आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं कायद्याने बंधनकारक आहे, पण तिथल्या रेल्वेत सोळाव्या वर्षी मुलांचं भाडं संपून मोठ्यांचं सुरू होतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी निम्म्या भाड्याचं कार्ड यायला २०१९ उजाडावं लागलं. आपल्याकडे एसटीने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास दिला, रेल्वेने दिला. दोन पासांच्या मध्ये जी रिक्षा येते ती कुणाच्याच योजनेत नाही. ती असावी, यासाठी मी पत्र लिहू शकते, आमच्या शिक्षक संघटनेत विषय काढू शकते, आणि ते मी करणार आहे. पण त्या पत्राचं उत्तर यायला जेवढा काळ लागेल, तेवढ्या काळात दोन तुकड्या बारावी होऊन निघून जातील.

म्हणून मी माझ्या हातातलं बघते. फॉर्मची वेळ मी बदलून घेतली आहे. आता तो लेक्चरच्या मधल्या सुट्टीत मिळतो, आणि मुदत संपायच्या आधीच मिळेल अशी यादी कार्यालयातल्या ताईंनी केली आहे. त्याला एक पैसाही लागला नाही. जर्नलची सही प्रॅक्टिकलच्या दिवशीच द्यायची, त्यासाठी वेगळ्या दिवशी कुणाला बोलवायचं नाही, हे मी माझ्यापुरतं पाळते. दोन सहकाऱ्यांनी मान्य केलं आहे, एकाला ते शिस्तीच्या विरुद्ध वाटतं. वेळापत्रक मात्र माझ्या एकटीच्या हातात नाही. सकाळचं पहिलं लेक्चर पाऊण तासाने पुढे सरकवलं, तर प्रयोगशाळा संध्याकाळी पाऊण तास जास्त उघडी ठेवावी लागेल, म्हणजे प्रयोगशाळा सहायकाला उशीर होईल. ते राहतात अंबरनाथला. एकाचा वेळ वाचवताना दुसऱ्याचा जातो, आणि त्या दुसऱ्याला घरी जायला लोकल पकडायची असते. ते काका मला म्हणाले, ‘‘मॅडम, बघा, मला काही अडचण नाही.’’ त्यांना अडचण आहे हे मला कळतं. त्यांनी ती सांगितली नाही, कारण मी मॅडम आहे.

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाची बैठक मे महिन्यात आहे. मी तिथे दोन कागद नेणार आहे. एकावर या वर्षी ज्या फॉर्मवर सह्या केल्या त्यांतली ‘कुठून’ या रकान्यातली नावं, प्रत्येकासमोर किती मुलं आणि पहिल्या लेक्चरला पोचायला त्यांना कितीची गाडी धरावी लागते ते. दुसऱ्यावर शिक्षक आणि कर्मचारी कुठून येतात ते, तसंच. एका रविवारी दोन्ही याद्या समोरासमोर मांडल्या, तेव्हा दिसलं की सगळ्यात लांबून येणाऱ्यांत सतरा वर्षांची मुलं आहेत आणि आमचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी आहेत, आणि सगळ्यात जवळून येतो ते आम्ही, म्हणजे वेळापत्रक ठरवणारे. माझं नाव आणि मुलुंड हेही मी त्या दुसऱ्या कागदावर लिहिलं आहे.